विचारलंस म्हणून सांगतो

भाड्याची खोली दाखवताना लोक खिडकी उघडतात, ऊन कुठून येतं ते दाखवतात, बसस्टॉप जवळ आहे हे दोनदा सांगतात. काकांनी मला खोली दाखवली तेव्हा सगळ्यात आधी कपाट भिंतीपासून ओढलं आणि मागची बुरशी दाखवली.

"ही दर हिवाळ्यात येते. मी ब्लीचनं पुसतो, ती परत येते. शेजारचा कुत्रा पहाटे भुंकतो. मी पलीकडच्या खोलीत झोपतो आणि घोरतो. गरम पाणी तिघांना पुरतं, तू चौथी असशील."

"मग मी ही खोली घ्यावी कशाला?" मी विचारलं.

"विचारलंस म्हणून सांगतो. भाडं कमी आहे, आणि या घरात तुझ्यापासून कोणी काही लपवणार नाही."

मी पुण्याहून शिकायला येऊन जेमतेम महिना झाला होता. तेवढ्या दिवसांत ऑकलंडमध्ये दोन घरमालकांनी मला "ऑल गुड, ऑल गुड" म्हणत ओली घरं गळ्यात मारायचा प्रयत्न केला होता. माउंट रॉस्किलच्या त्या घरात बुरशीची ओळख करून देणारा म्हातारा मला एकदम घरचा वाटला. मी खोली घेतली. कुत्रा खरंच भुंकायचा आणि काका घोरायचेसुद्धा, त्यांनी सांगितलं होतं त्याहून जास्त.

काका पुण्यात एका सरकारी बँकेत अधिकारी होते. सोव्हिएत राजवट कोसळल्यावर मध्य आशियातल्या एका छोट्या देशाला आपली बँक कशी चालवायची ते कळेना, म्हणून बाहेरून तज्ज्ञ बोलावले गेले. त्यांत काकांची वर्णी लागली. तिथे एकच अवाढव्य सरकारी बँक होती आणि ती बंद पडलेल्या कारखान्यांना कर्जं देत सुटली होती. तिचे तुकडे करायचे, बरे तुकडे विकायचे आणि उरलेले गुंडाळायचे, असं ते काम. ते संपवून काका परतले, निवृत्त झाले, बायको गेली, मुलानं न्यूझीलंडला आणलं, मग मुलगाच नोकरीसाठी ऑस्ट्रेलियात गेला. घर उरलं आणि काका उरले. म्हणून त्यांनी आमच्यासारखे भाडेकरू ठेवले. आम्ही मागे त्यांना गव्हर्नर म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं, कारण आम्ही काय म्हणतो ते त्यांनी एकदा सरळ विचारलं आणि त्या घरात राहून खोटं बोलायची आमचीही सवय मोडली होती.

त्या कामाचं भूत त्यांच्या मानगुटीवरून कधी उतरलंच नाही. आमच्या फ्रिजमध्ये वरचा कप्पा म्हणजे चांगली बँक आणि खालचा कप्पा म्हणजे वाईट बँक. ताजं ते वर. ज्याचा मालक सापडत नाही, ज्याचा वास घेऊन बघावा लागतो, ते खाली. दर शुक्रवारी काका वाईट बँक आवरायला बसायचे. परवाची उसळ, कडक झालेला भात, कुणाचं तरी अर्धं बर्गर, सगळं गरम करून स्वतः खायचे. आमच्या ताटात त्यातलं काही पडू द्यायचे नाहीत.

"काका, फेकून द्या ना," प्राची म्हणायची. ती डोंबिवलीची, माझ्या समोरच्या खोलीत राहायची. "आजारी पडाल."

"वाईट बँकेत कुणीतरी बसायला लागतं," एवढंच म्हणून ते जेवत राहायचे.

पण त्यांची खरी कामगिरी म्हणजे स्वयंपाकघराचं खाजगीकरण. कुकर, कढई, तवा, मिक्सर ही भांडी घराची होती. म्हणजे कोणाचीच नव्हती. त्यामुळे घासायचीही कोणी नाही. सिंकमध्ये ती डोंगरासारखी साठायची आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवायचा. काकांनी आमची बैठक घेतली. "ही सरकारी मालमत्ता आहे," ते म्हणाले. "मालक मिळाला की भांडं चमकतं. त्या देशात प्रत्येक नागरिकाला कूपन दिलं होतं. ते देऊन कारखान्यातला, बँकेतला हिस्सा घ्यायचा. आपण तेच करू." त्यांनी सिरियलच्या खोक्याची कूपनं कापली, प्रत्येकावर सही ठोकली आणि सगळ्यांना सारखी वाटली. रविवारी लिलाव ठरला.

आमच्यातला चौथा संग्राम. तो कोल्हापूरचा. शनिवारी त्यानं घरभर वास सुटेल असा तांबडा रस्सा केला आणि दारात उभा राहून म्हणाला, "कुणाला पायजे? एका वाटीला एक कूपन." बाहेर गार वारा सुटला होता आणि मला महिनाभर कोणी मटण विचारलं नव्हतं. मी माझी सगळी कूपनं देऊन टाकली. प्राचीनं दिली ती तर भाकरीसाठी. रविवारी लिलावाला बोली लावायला एकटा संग्रामच. कुकर, कढई, मिक्सर सगळं त्याचं झालं.

सोमवारी मी वरण लावायला कुकर मागितला. "देतो की," संग्राम म्हणाला. "फक्त भांडी तुम्ही घासायची. माझीबी."

चार दिवसांनी प्राची तावातावानं काकांकडे गेली. "हे टोटली अनफेअर आहे, काका. कॅन्सल करा."

काका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते. "तिकडे कूपनं व्होडकाच्या बाटलीवर गेली होती, तुम्ही निदान रश्श्यावर तरी विकलीत. विकलेलं परत घेता येत नाही, बाई. घेतलं तर पुढे कोणी काही विकत घेणार नाही." मग एकदम हसू थांबवून म्हणाले, "भांडी मात्र चमकतायत बघ." ते खरं होतं. आम्ही दोघी रोज ती घासत होतो.

काकांना काहीही विचारलं की संपूर्ण उत्तर यायचं. मराठी मंडळाच्या गणपतीत कोणी सहज विचारलं, "काय काका, कसा झाला कार्यक्रम?" की "विचारलंस म्हणून सांगतो" असं म्हणून पेटीवाल्याच्या सुरापासून पार्किंगपर्यंत सगळं सांगून होईतो त्या माणसाचा प्रसाद गार व्हायचा. प्राचीचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलाच्या वडिलांनी ठाण्याहून काकांना फोन केला. मुलगी कशी आहे, असं विचारलं. काका म्हणाले, "मुलगी गुणी आहे. सकाळी चहा होईपर्यंत तिच्याशी कोणी बोलू नये. रागावली की दार आपटते, पण मनात ठेवत नाही. स्वयंपाक बेताचा." प्राचीनं तेव्हाही दार आपटलं. ठाण्याचे लोक मात्र खूश झाले. एवढी खरी माहिती त्यांना नात्यातल्या कोणी दिली नव्हती.

एका गोष्टीवर मात्र ते चिडायचे. उद्या पाऊस येईल का, असं विचारल्यावर कोणी "सांगता येत नाही" म्हणालं की त्यांचा आवाज चढायचा. "माहीत नाही म्हण. माहीत नसणं वेगळं, न सांगणं वेगळं." आम्हाला वाटायचं, म्हातारपण, दुसरं काय.

रविवारी संध्याकाळी जेवणं लवकर उरकायची, कारण काकांचा फोन असायचा. टॅब्लेट साखरेच्या डब्याला टेकवून लावायचं काम माझ्याकडे होतं. पलीकडे त्याच देशातलं एक दुपारचं स्वयंपाकघर दिसायचं आणि त्यात दोन बायका. एक गुलनारा. काका तिकडे होते तेव्हा ती त्यांची दुभाषी होती. आता तिचीही साठी आली होती. दुसरी तिची आई, नव्वदीला टेकलेली, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेली, एके काळची शाळामास्तरीण. काका आणि गुलनारा इंग्रजीत बोलायचे. आईला इंग्रजीचा गंध नव्हता, तरी सगळ्यात जास्त तीच बोलायची आणि गुलनारा भाषांतर करायची.

तिच्या भाषांतराची मला सवय व्हायला वेळ लागला. आई काहीतरी बोलायची आणि गुलनारा सपाट आवाजात म्हणायची, "माझा गुडघा रात्रभर ठणकला." मी दचकून विचारलं होतं, हिच्या गुडघ्याला काय झालं? काकांनी समजावलं. पक्का दुभाषी 'ती म्हणते' असं म्हणत नाही. जो बोलतो त्याचा 'मी' आपल्या तोंडात घेतो. पदरचं काही घालत नाही आणि काही गाळत नाही. "मंत्र्यानं मला शिवी दिली होती," काका कौतुकानं सांगायचे, "तीसुद्धा तिनं जशीच्या तशी माझ्या हातात ठेवली." मधूनमधून गुलनारा स्वतःचंही बोलायची. तिचे टोमॅटो, तिचा नातू, वीज गेल्याची तक्रार. तेव्हा तिचा आवाज बदलायचा, हात हलायचे, आणि काका खुर्चीत पुढे सरकून ऐकायचे.

आई दर वर्षी एक पार्सल पाठवायची. लोकरी मोजे आणि सुके जर्दाळू. मोजे पोचायचे. जर्दाळू मात्र, बाहेरचं खाणं देशात येऊ न देणाऱ्या इथल्या जैवसुरक्षावाल्यांच्या हाती लागायचे आणि नष्ट केल्याचं पत्र यायचं. काकांनी आईला ते खरं खरं सांगितलं होतं. तरी ती पाठवायची, कारण एखाद्या वर्षी त्या लोकांना दया येईल असं तिला वाटत होतं.

त्या हिवाळ्यात आईला न्यूमोनिया झाला. काही रविवार पडद्यावर गुलनारा एकटीच होती आणि काका घरात कुणाशी बोलेनासे झाले. आई वाचली, घरी आली, पण आवाज खोल गेला होता. त्याच सुमारास माझं एक प्रकरण झालं. मी पेनरोजमध्ये एका मालाच्या डेपोत संध्याकाळी डेटा एंट्री करायचे. सुपरवायझरनं मला नवीन वेळापत्रक भरायला दिलं. त्यात पॅकिंगच्या बायकांची अख्खी शिफ्ट गायब होती, म्हणजे त्यांचं काम जाणार होतं. "कीप इट टू युअरसेल्फ, ओके?" तो म्हणाला. मी घरी येऊन जेवता जेवता काकांना विचारलं, "सांगू का त्यांना? की गप्प बसू?"

काकांनी हातातली पोळी ताटात ठेवली. "विचारलंस म्हणून सांगतो" आलं नाही. त्यांनी दुसरंच सांगायला सुरुवात केली.

"बँकेचे दोन भाग करायचं ठरलं तेव्हा शाखांचीही वाटणी झाली. काही नव्या बँकेत, काही बुडणाऱ्या बँकेत. गुलनाराच्या गावची शाखा बुडणाऱ्यात होती. ठेवी गोठणार होत्या. आम्ही चौघं परदेशी ते जाणत होतो, बंद दाराआड ठरलं होतं, गुप्ततेच्या कागदावर सह्या होत्या. त्या दिवशी बँकेतून गेस्ट हाऊसकडे चालत जाताना गुलनारानं मला विचारलं. आईचे आयुष्यभराचे पैसे त्या शाखेत आहेत, काढून घेऊ का? मी म्हणालो, सांगता येत नाही."

"मग?"

"मग काय. धोका असता तर हा माणूस बोलला असता, असं तिला वाटलं. पैसे राहिले. गोठले. काही वर्षांनी परत मिळाले तेव्हा महागाईनं त्यांचं पाणी झालं होतं. मी निघालो तेव्हा गुलनारा विमानतळावर सोडायला आली. आईनं माझ्यासाठी मोजे विणून दिले होते. गुप्ततेचा नियम मूर्खपणाचा नव्हता. मी एकीला सांगितलं असतं तर सकाळी दारात गाव जमलं असतं. सगळीच बँक बसली असती. हे मी अजूनही मानतो. आणि तरी मला ते मोजे घालवत नाहीत."

मला त्यांची दया आली आणि त्याहून जास्त रागही आला. मला राग लवकर येतो. "तुम्ही अख्ख्या जगाला बुरशी दाखवत फिरता," मी म्हणाले, "आणि ज्यांना सांगायला हवं त्यांना एवढी वर्षं सांगितलं नाहीत?"

"नाही."

"का?"

"त्या दोघींशिवाय मला आता फोन करणारं कोण आहे?" ते म्हणाले. मुलाचे फोन सणावारी यायचे, हे मला माहीत होतं. "आणि आता तर ती म्हातारी कधीही जाईल. ती गेल्यावर सांगायचं कोणाला? आणि आज सांगायचं तर गुलनाराच्याच तोंडून सांगायला लागणार. विचार कर."

मी दुसऱ्या दिवशी डेपोतल्या बायकांना सांगितलं. त्यातली टोंगा बेटांवरची एक थोराड बाई माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "ओह, स्वीट ॲज, लव्ह. वी न्यू." म्हणजे काही हरकत नाही गं, आम्हाला माहीत होतं. नवे हातमोजे मागवणं थांबलं तेव्हाच त्या समजून चुकल्या होत्या आणि निम्म्या जणींनी दुसरीकडे काम बघितलंही होतं. तरी तिनं मला जवळ घेतलं. मी ते घरी येऊन काकांना सांगितलं. रविवारी ते दाढी करून, कोट घालून टॅब्लेटसमोर बसले.

"मी जाऊ का?" मी विचारलं.

"बस. मला पळून जावंसं वाटेल. तू बसलेली बरी."

पलीकडे आई उशांना टेकून बसली होती. नेहमीच्या चौकशा झाल्या. मग काका म्हणाले, "गुलनारा, आज मला आईशी बोलायचं आहे. तुलाही तेच सांगायचं आहे. पण तू भाषांतर कर. काही गाळू नकोस."

"मी कधी गाळलंय?" ती हसली.

काकांनी सांगितलं. छोटी वाक्यं केली, तिला सोपं जावं म्हणून, जशी तिकडे सभांत करायचे. बंद दाराआड काय ठरलं ते. रस्त्यात तिनं काय विचारलं ते. आपण काय म्हणालो ते. पहिलं वाक्य ऐकल्यावर गुलनाराचा चेहरा थांबला. पण तोंड थांबलं नाही. ती आईकडे वळली आणि त्याच सपाट आवाजात बोलू लागली. मला ती भाषा येत नाही. काकांना थोडी येत होती आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. तिनं काय केलं ते मला त्यांनी नंतर सांगितलं. "मला माहीत होतं. तुझ्या मुलीनं मला विचारलं. मी गप्प बसलो." हे ती आपल्या आईला म्हणाली होती, स्वतःच्या तोंडून, नेहमीच्याच 'मी'मध्ये.

म्हातारी बराच वेळ रुमालाचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग बोलली आणि गुलनारानं ते इंग्रजीत आणलं.

"आमच्या जिन्यातल्या सगळ्यांचे पैसे गेले. खालच्या मजल्यावरच्या विधवेचे गेले, समोरच्या ड्रायव्हरचे गेले. त्या हिवाळ्यात आम्ही एकमेकांकडे बटाटे उसने मागून दिवस काढले. तू मला सांगितलं असतंस तर माझे एकटीचे वाचले असते. मग मी त्या जिन्यातून कशी चढले-उतरले असते? माझ्या मनात तुझ्याबद्दल काही नाही, बाळा. मी तुला माफ केलं. आता रडू नकोस, तुझा कोट चांगला आहे."

काका रडतच होते. मीही. गुलनारानं चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पहिल्यांदा थेट काकांकडे बघितलं.

"हे आई म्हणाली," ती म्हणाली. "मी नाही."

काका म्हणाले, "बरोबर आहे." पडदा काळा झाला.

मला वाटलं, संपलं. पण पुढच्या रविवारी फोन वाजला. त्याच्या पुढच्याही. आई बोलायची, काका बोलायचे आणि गुलनारा एक अक्षर न गाळता इकडचं तिकडे करायची. स्वतःचं मात्र एक वाक्यही नाही. टोमॅटो नाहीत, नातू नाही, वीज गेली तरी तक्रार नाही. काकांनी एकदा विचारलं, "तू कशी आहेस?" तिनं ते वळून आईला भाषांतर करून सांगितलं. आई म्हणाली, मी बरी आहे. आणि तेच उत्तर गुलनाराच्या तोंडून आलं.

काका एका शब्दानं कुरकुरले नाहीत. संग्रामला ते बघवेना. "काका, सरळ सॉरी म्हणून मोकळं व्हा की," तो म्हणाला. काका म्हणाले, "म्हणून झालंय. आता तिला घाई करायचा मला हक्क नाही."

इथे वसंत सुरू झाला आणि तिकडे आई गेली. गुलनाराचा मेसेज आला, आई गेली, झोपेत, एवढाच. काकांनी दोन ओळींचं उत्तर लिहिलं, मला वाचून दाखवलं आणि पाठवलं. आम्हा तिघांच्या डोक्यात एकच होतं. जिच्यासाठी भाषांतर करायचं ती आई आता नाही. मग फोन कशाला येईल?

तरी त्या रविवारी काका बसलेच. मी टॅब्लेट लावून दिला आणि भांडी पुसायचं निमित्त करून तिथेच घुटमळले. प्राची आणि संग्रामही उगाच फ्रिज उघडून उभे होते. नेहमीची वेळ झाली, टळली. काका उठले नाहीत. बाहेर कुणाचं तरी लॉनमोवर चालू होतं, ते बंद झालं. आणि मग फोन वाजला.

स्वयंपाकघर तेच होतं, खुर्ची एकच होती. गुलनारानं काळा रुमाल बांधला होता.

"आता आईचं काही नाही," ती म्हणाली. आवाज सपाट नव्हता, कापत होता. "आता माझं ऐका. मध्ये बोलू नका."

"ऐकतो," काका म्हणाले आणि मागे न बघता हातानं आम्हाला बाहेर जायची खूण केली.

आम्ही तिघं मागच्या लाकडी डेकवर जाऊन उभे राहिलो आणि संग्रामनं काचेचं दार ओढून घेतलं. आतलं काही ऐकू येत नव्हतं. फक्त पडद्यावर तिचे हात जोरजोरात हलताना दिसत होते. ऊन उतरून समोरच्या छपरामागे गेलं तरी ती बोलतच होती. एवढंसं विचारलं की सगळं सांगणारे आमचे काका, दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसले होते आणि एकदाही मध्ये बोलले नाहीत.